पहिलं बी कोणी पेरलं

धुळे, शनिवार, १७ एप्रिल १९३७

पुराणवस्तू खात्याच्या साहेबांचं पत्र आलं. इंग्रजी टंकलिखित, खाली सही. तीनदा वाचलं, बायकोला, मंजुळेला, मराठीत करून सांगितलं, मग शाळेत नेऊन हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवलं. ते पुण्याचे. त्यांनी चष्म्यातून वर न बघता विचारलं, "म्हणजे त्या खापऱ्यांना खरंच कोणी विचारतं तर!" तिडीक गेली डोक्यात. सहा वर्षं मी यांचे हे टोमणे ऐकतो आहे. मी इतिहास शिकवतो, पण माझा 'ण' अजून त्यांच्या कानाला खुपतो.

साहेबांनी लिहिलंय की माझा निबंध त्यांना लक्षवेधी वाटला. मे महिन्यात ते आमळवाऱ्याचं टेकाड स्वतः बघतील, आणि मी म्हणतो तसे थर तिथे सापडले तर निबंध खात्याच्या अहवालात माझ्या नावाने छापतील. माझ्या नावाने. कुणब्याचा पोरगा, बी. ए., धुळे.

आमळवारे ही माझी सासुरवाडी, तापीच्या काठी, नरडाण्याहून गाडीवाटेने तीन कोस. गावाबाहेर पांढऱ्या, भुसभुशीत मातीचं टेकाड आहे. चार वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात त्याची कड ढासळली तेव्हा मला तिथे रंगवलेल्या खापऱ्या आणि मूठभर जळके दाणे मिळाले. तिथूनच माझा सिद्धान्त सुरू झाला. एके काळी इथला माणूस शिकार करून, कंदमुळं वेचून जगत होता. मग अवर्षण आलं, झाडोरा सुकला, जनावरं पळाली आणि माणसं नदीकाठी कोंडली गेली. भूक अनावर झाली तेव्हा त्यांच्यातल्या एका विचारी पुरुषाने पहिलं बी पेरलं, आणि बाकीचे त्याच्यामागे गेले. टेकाडात हे दिसलंच पाहिजे. खाली नुसती हाडं, मध्ये अवर्षणाची वाळू, वर धान्य.

आता एवढंच हवं की साहेब येईपर्यंत टेकाड जागेवर राहावं.

आमळवारे, रविवार, २५ एप्रिल

काल सुट्टी लागताच मंजुळेसह इथे आलो. पाहतो तर टेकाडाला लागून तीन गाड्या उभ्या, आणि माझा सख्खा मेहुणा निंबा फावड्याने पांढर भरतोय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चपला न काढता तसाच धावत गेलो.

"अरे, हे काय चालवलंयस?"

"दरसालनं काम शे, मास्तर," निंबा म्हणाला. त्याला काही समजलंच नाही. "हाई माटी वावरमा टाकी का कपाशी कंबरले लागस. मना बापनी टाकी, त्याना बापनी टाकी. तुमले खापऱ्या पाहिजेत त्या बाजूले काढी ठेवस ना."

बाजूला काढून ठेवतो म्हणे! तीन हजार वर्षांचा इतिहास हा माणूस खत म्हणून शेतात पसरतो आणि वर मला खापऱ्यांची खिरापत देतो. टेकाड एके काळी वाड्याएवढं उंच होतं असं म्हातारे सांगतात. ते या गाड्यांनीच खाल्लं. आता उरलंय ते जेमतेम दीड पुरुष उंच आणि चार खळ्यांएवढं लांबरुंद. मी नको ते बोललो. निंबाने फावडं खाली टाकलं, गाड्या रिकाम्या केल्या आणि मुकाट्याने बैल सोडले. घरच्या जावयाशी कोण भांडणार? मंजुळा दुपारभर माझ्याशी बोलली नाही. नको बोलू.

माझे वडीलही आमच्या गावी अशाच गाड्या भरायचे. हे इथे कोणाला सांगितलेलं नाही.

मंगळवार, २७ एप्रिल

आज सासूबाईंनी डोकं फिरवलं.

सासूबाई, भागाबाई, साठीच्या पुढच्या. लग्न होऊन आल्यापासून दर उन्हाळ्यात त्यांनी त्या टेकाडावरून डोक्यावर पाट्या वाहिल्या आहेत. माझ्यासमोर पदर पुढे ओढून, भिंतीकडे तोंड करून बोलतात, पण बोलतात. ओसरीवर सुपात बाजरीचं बियाणं निवडत होत्या. मी निंबाला माझा सिद्धान्त समजावत होतो, म्हणजे पुन्हा फावडं उचलणार नाही. अवर्षण आणि भूक सांगून झालं, आता विचारी पुरुष येणार, तेवढ्यात सुपाचा आवाज थांबला.

"जवाईबुवा, भुक्या मानूस बी पेरत नही," त्या भिंतीला म्हणाल्या. "भुक्या मानूस दाना दखी का खाई टाकस. वावरमा कसाले फेकी? पेरस तो, ज्याना पोटमा शे."

मी हसलो. रीत म्हणून विचारलं, "मग मामी, पहिलं बी कोणी पेरलं?"

"कोनी पेरं नही. बाई रानमाईन भाजी, बोरे, दाना वेचीसन लई उनी. घरना मांगे बशीसन निवडं, कचरा उकिरडावर फेका. पुढला साल तठेच उगनं. ती बाईनी ते उपटं नही, इतलंच."

इतलंच! जगातले पंडित ज्या प्रश्नावर ग्रंथ लिहितात तो यांनी उकिरड्यावर सोडवला. निंबा दात काढत होता. मी म्हणालो, अशा गोष्टी पुराव्याने सिद्ध कराव्या लागतात. "हां, ते बी खरंच," म्हणाल्या, आणि पुन्हा निवडायला लागल्या. वर त्यांनी मान्य केलं याचा मला अधिकच राग आला.

बुधवार, ५ मे

सुट्टीतला पत्ता म्हणून मी पाचोऱ्याचा, भावाचा दिला होता. साहेबांची तार तिथे गेली, तिथून चिठ्ठीने इथे आली. बारा तारखेला बादशहांचा राज्याभिषेक आहे, कचेऱ्या बंद, म्हणून साहेब चोवीसला येणार. बादशहाला तरी हाच महिना सापडावा?

एकोणीस दिवस. निंबाने पुन्हा गाडी जुंपलेली नाही, पण शेजारचे ऐकत नाहीत. आज पहाटे दोन गाड्या माती गेली. चाकोऱ्या शेजारच्या पुना पाटलाच्या खळ्यापर्यंत दिसतात. विचारलं तर म्हणतो, "बैल आपसे आप गयात." या लोकांशी डोकं फोडून उपयोग नाही. यांना टेकाड काय आहे हेच ठाऊक नाही. ते ठाऊक झालं की आपोआप हात आवरतील.

मंगळवार, ११ मे

आज मारुतीच्या पारावर व्याख्यान दिलं. परवा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, म्हणून माहेरवाशिणी आल्या आहेत, शेजारच्या पाच-सहा गावांचे पाहुणेही होते. पार भरला. निबंध तर यांच्या डोक्यावरून गेला असता, म्हणून त्यांच्या भाषेत बोललो. म्हणालो, हे टेकाड साधी माती नाही. तुमचा-माझा पहिला शेतकरी बाप इथे राहिला. त्याने पहिला दाणा या मातीत टाकला. खानदेशातली प्रत्येक काळी या पांढरीची लेक आहे. या मातीवर फावडं चालवणं म्हणजे आईच्या अंगावर फावडं चालवणं.

म्हाताऱ्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. पुना पाटलाने मान खाली घातली. चिंधा आबा शेजारच्या गावचे, ऐंशीच्या घरातले. ते उठून माझ्या पाया पडायला लागले. मी मागे सरलो, पण खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. हेडमास्तरांनी हे बघायला हवं होतं.

घरी सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "जवाईबुवा, इतलं गोड नको सांगाले व्हतं. लोके माटी उचली लई जातीन."

मी म्हणालो, मामी, लोकांना आता कळलं आहे. कळल्यावर कोणी हात लावत नाही.

गुरुवार, १३ मे, आखाजी

घागर भरली, पुरणाचे मांडे, आमरस. पोरी झोक्यावर. दिवस चांगला.

सकाळी चिंधा आबा टेकाडावर दिसले. नारळ फोडला, कुंकू वाहिलं आणि फडक्यात एक मूठ माती बांधून घेतली. मी अडवलं.

"एकच मूठ लई जास, मास्तर," ते म्हणाले. "पेरनीना येळे बीमा मिळाडसू. तुम्हीच सांगं ना, माय शे. मायना आशीर्वादले नही कसाले म्हनतस?"

एका मुठीने काय होतं? आणि त्या म्हाताऱ्याचं तोंड बघून नाही म्हणवेना. त्यांच्यामागे वीस-पंचवीस जण होते. त्यांनीही एकेक मूठ घेतली. शेतीच्या उगमाबद्दल खेड्यातल्या माणसाच्या मनात आदर निर्माण झाला ही काही लहान गोष्ट नव्हे.

शनिवार, १५ मे

काल संध्याकाळपासून गाड्या येताहेत. नरडाण्याकडून, शिंदखेड्याकडून, नदीपलीकडून होडीने. आखाजीला माहेरी आलेल्या पोरींनी सासरी जाताना मुठी नेल्या. सासरच्यांनी त्या मुठींचं सोनं केलं आणि आता सासरे, दीर, भावकी सगळी इकडे लोटली आहे. मूठ गेली, टोपली आली. टोपली गेली, गाडी आली. नारळांच्या शेंड्यांचा ढीग पडलाय. प्रत्येक जण माती भरण्याआधी चपला काढतो आणि नमस्कार करतो.

मी मध्ये आडवा उभा राहिलो. हातातली छडी उगारली. एक अनोळखी माणूस हात जोडून म्हणाला, "मास्तर तुम्हीच का? आम्हना भाग मोठा." आणि माझ्या पायाखालची माती भरून घेतली.

या माणसांना शिव्या तरी काय देऊ? चोर असते तर पोलिसपाटलाला बोलावलं असतं. हे भाविक आहेत, आणि त्यांना भाविक मी केलं आहे. दुपारभर एकटा ओरडत होतो. घसा बसला. निंबाने चार माणसं घेऊन मला धरून घरी आणलं. त्यालाही वाटेल ते बोललो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याने ऐकून घेतलं.

सोमवार, १७ मे

टेकाड संपलं. तिथे आता ढोपरभर खोल, तुडवलेला खड्डा आहे. खापऱ्या, दाणे, हाडं सगळं कुठल्या कुठल्या बांधावर गेलं. खड्ड्यात एक शेळी बसली होती. हाकलली, तर परत येऊन बसली.

सोमवार, २४ मे

सगळं लिहायचं ठरवलं आहे. इथे तरी.

साहेब सकाळी नरडाण्याहून बैलांच्या धमणीतून आले. उंच, उन्हाने लाल झालेले, बोलणं हळू. खड्डा बघितला. कोणी केलं असं विचारलं. मी इंग्रजीत म्हणालो, गावकऱ्यांच्या अज्ञानाने. ते टोपी काढून खड्ड्याच्या कडेने दोनदा फिरले, चार खापऱ्या वेचल्या. मग म्हणाले, "थर नाहीत, तेव्हा निबंधाला आधार नाही. मला वाईट वाटतं." एवढंच. चार वर्षांची कमाई त्यांनी एका वाक्यात मातीत घातली, आणि ते बरोबर होतं.

मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, विचारलं, "इथे सर्वांत जास्त वर्षं कोणी खणलं?"

निंबा म्हणाला, "मनी माय."

सासूबाईंना बोलावलं. ओसरीच्या कडेला, पदर पुढे घेऊन, भिंतीकडे तोंड करून बसल्या. साहेब खाटेवर, मांडीवर वही. मी मध्ये. ते इंग्रजीत विचारणार, मी यांना सांगणार, या सांगतील ते मी इंग्रजीत करणार. दुसरं कोण करणार? सबंध गावात इंग्रजी येणारा मी एकटा.

पहिला प्रश्न, तळाशी काय होतं.

"बठ्ठासमा खाले शिंपला आनि मासास्ना काटा," त्या म्हणाल्या. "त्यानावर राख. राखमा हाडे, बोरेसन्या आठळ्या, आनि मधमधमा काया दाना, थोडा थोडा. त्यानावर बी शिंपला शेतच, पन दाना जास्त. असं पुरुषभर चालनं. शिंपला कमी व्हत गया, दाना वाढत गया."

चाळीस उन्हाळ्यांत वरून खाली, खालून वर त्यांनी ते टेकाड पाटीपाटीने पाहिलं होतं. मी ऐकत गेलो. त्या सांगत होत्या ते थर होते. एकेक. मी चार वर्षं ज्याच्यामागे होतो ते या ओसरीवर बाजरी निवडत बसलं होतं, आणि मी विचारलं नव्हतं.

आणि ते माझं नव्हतं. त्यात अवर्षण नव्हतं. मी स्वतःच विचारलं, साहेबांनी नव्हे, "मामी, मध्ये वाळूचा पट्टा? कोरड्या वाळूचा?"

"नही. वाळू कोठेच नही."

"नीट आठवा."

"आठवस ना. चुल्हास्नी राख व्हती, घरना मांगे फेकेल. बठ्ठा दाना राखमाच. वाळू नही."

साहेबांची पेन्सिल थांबली होती. "काय म्हणाल्या?"

मी म्हणालो, "म्हणतात, खाली नुसती हाडं आणि शिंपले होते. मध्ये वीतभर वाळू. वर धान्य."

इंग्रजीत हे वाक्य फार लहान होतं. साहेबांनी मान वर केली. त्यांनी विचारलं, खात्रीने? मी सासूबाईंना विचारलं, "मामी, तुम्ही सांगता ते खरं ना?" त्या म्हणाल्या, "देवनी आन." मी साहेबांना सांगितलं, शपथेवर सांगतात.

साहेबांनी दोन पानं लिहिली. जाताना माझा हात हातात घेतला. म्हणाले, "तुमचा निबंध हिने वाचलेला नाही, हिला वाचताच येत नाही. यापेक्षा चांगला साक्षीदार मिळाला नसता." त्यांनी सासूबाईंना हात जोडून मराठीत "आभारी" म्हटलं. त्या लाजल्या.

मला त्या साहेबाचा राग आला. एवढा शिकलेला माणूस, पाच हजार मैलांवरून येतो आणि एका दुभाष्यावर विश्वास ठेवतो.

धुळे, शुक्रवार, ४ जून

हेडमास्तरांनी वाटेत थांबवून विचारलं, साहेबांचं काय झालं. सांगितलं, अनुकूल आहे. ते "वा, कौतिकराव" म्हणाले. पहिल्यांदाच राव लावलं.

दोनदा पत्र लिहायला बसलो. 'दुभाषी म्हणून माझ्याकडून एक गैरसमज' इथपर्यंत लिहितो. गैरसमज हा शब्द लिहिला की कागद फाडून टाकावासा वाटतो, आणि खरा शब्द लिहिला की नोकरी दिसते.

आमळवारे, रविवार, २० जून

अहवालाच्या मजकुराची प्रत टपालाने आली, चुका काढण्यासाठी. माझं नाव मोठ्या अक्षरात. निबंध सबंध. खाली टीप, 'एका वृद्ध शेतकरी स्त्रीची स्वतंत्र साक्ष', आणि त्यांचं नाव, भागाबाई, आमळवारे, शुद्ध लिहिलेलं.

मंजुळेला राहवेना. आईचं नाव छापून येतंय म्हणून मला ओढत इथे घेऊन आली. पेरणीची घाई. निंबा शेतातून चिखलाच्या पायांनी आला आणि उंबऱ्यात उभा राहिला. पुना पाटीलही आला. सासूबाई ओसरीवर बसल्या, आणि आज त्यांनी तोंड भिंतीकडे केलं नाही.

"वाचा ना," मंजुळा म्हणाली. "आई काय बोलली ते वाचा."

मी कागद हातात धरला. अक्षरं इंग्रजी होती. खाली हाडं, वीतभर वाळू, वर धान्य, शपथेवर. मी त्याच्याकडे बघत बघत मोठ्याने वाचलं, "तळाशी शिंपले आणि माशांचे काटे होते. त्यावर राख. राखेत हाडं, बोराच्या आठळ्या, मधूनमधून काळे दाणे. त्यावरही शिंपले होतेच, पण दाणे जास्त. असं पुरुषभर चाललं. वाळू कुठेच नव्हती." एकही शब्द विसरलो नव्हतो. उकिरड्याचं आणि त्या बाईने उपटलं नाही ते त्या दिवशी त्या साहेबांसमोर बोलल्याच नव्हत्या, तेही वाचलं.

निंबाच्या तोंडावर हसू मावेना. पुना पाटील म्हणाला, "भागाबाई, नाव काढं."

सासूबाईंनी कागद मागून घेतला. उलटा-सुलटा बघितला, ओळींवरून बोट फिरवलं, आणि माझ्याकडे सरळ बघून म्हणाल्या, "बराबर लिखं साहेबनी. इतला लांबना मानूस, पन समजनं त्याले. तुम्ही नीट सांगं, जवाईबुवा."

त्यांनी कागद परत दिला आणि मला जेवायला वाढायला उठल्या. त्या वेळी मला त्यांचा जो राग आला तसा आयुष्यात कोणाचा आला नव्हता. पान मांडलं होतं, म्हणून जाऊन बसलो.